भीमताल, चहाचे मळे आणि कुमाऊंचे पंत



यंदा मला पंच्याहत्तर पूर्ण झाली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, समारंभ करू या." मी म्हटलं, हॉल, केटरर, शाली-नारळ काही नको, त्यापेक्षा चार दिवस सगळे मिळून कुठेतरी जाऊ. सौ.ला देव हवा होता, नातवाला पहाड, सूनबाईंना शांतता आणि मला अशी जागा जिथे फार पायऱ्या नसतील. नैनितालला गर्दी फार, म्हणून अलीकडचं भीमताल ठरलं. दिल्लीहून रात्रीची राणीखेत एक्सप्रेस, सकाळी काठगोदाम, आणि तिथून टॅक्सीने तासाभराचा घाट.

प्रवासवर्णन लिहिण्याचा माझा विचार नव्हता. पण तिथे एक गृहस्थ भेटले आणि त्यांनी मला एक प्रश्न विचारला. तो प्रश्न तुम्हा सगळ्यांपर्यंत पोहोचावा असं वाटलं, म्हणून हा खटाटोप. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी जागेविषयी. भीमताल समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार फुटांवर आहे. नैनितालपेक्षा सखल, पण तळं त्याहून मोठं. मधोमध छोटंसं बेट आहे आणि त्यावर आता मत्स्यालय आहे, नावेतून जाता येतं. तळ्याच्या एका टोकाला इंग्रजांनी १८८३ साली बांधलेला दगडी बांध आहे, त्याला व्हिक्टोरिया डॅम म्हणतात. उन्हाळ्यात इथलं पाणी खाली हल्द्वानीकडच्या शेतीला जातं. त्या बांधाला लागूनच भीमेश्वर महादेवाचं देऊळ आहे. भीमाने गदा मारली आणि पाणी निघालं, अशी लोककथा. देऊळ मात्र सतराव्या शतकातलं, कुमाऊंचा चंद राजा बाजबहादूर चंद याने बांधलेलं. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराज स्वराज्य उभं करत होते त्याच काळातला हा राजा. त्याची कारकीर्द १६३८ ते १६७८.

१८८४ मध्ये काठगोदामपर्यंत रेल्वे आली. त्याआधी मैदानातून अल्मोड्याकडे जाणारी जुनी वाट भीमतालवरूनच जायची. यात्रेकरू, व्यापारी, फौजा, सगळे इथे मुक्काम करून पुढे निघायचे. आज बाजारातून फिरताना हे जाणवत नाही, पण ही मूळची वाटसरूंची जागा आहे. पुढची हकीकत वाचताना हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. नातू बूट घालूनच पायरी चढायला लागला, तेव्हा मी ओरडलो, "अरे, बूट इथेच काढ!" शेजारी उन्हात एक वृद्ध गृहस्थ बसले होते. डोक्याला लोकरीची टोपी, गळ्यात मफलर, हातात काठी. त्यांनी मान वळवून विचारलं, "आप लोग महाराष्ट्र से हैं?"

आपल्या सगळ्यांना हा प्रश्न पाठ आहे आणि उत्तरही. मी म्हणालो, "जी नहीं, ग्वालियर से."

"पर बोली तो मराठी है?"

"जी, घर में मराठी."

ते हसले. म्हणाले, "तो फिर हम भी आप ही के तरफ के हुए. हम पंत हैं."

मी त्यांच्या शेजारी बसलोच. पुढचा तास कसा गेला कळलं नाही. ते निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात, मूळ गाव अल्मोड्याकडे. त्यांनी सांगितलं की कुमाऊंतल्या पंत घराण्यांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत की आमचा मूळ पुरुष जयदेव पंत, तो कोकणातून इकडे आला. यात्रेला आला, राजाच्या आश्रयाला राहिला आणि परत गेला नाही. गोत्र भारद्वाज. त्यांच्या शाखेत आजही मांसाहार चालत नाही, आणि इथल्या पहाडात ब्राह्मणाच्या घरीही तो सर्रास चालतो, हे त्यांनी मुद्दाम सांगितलं. वेगळेपणाची तेवढी एक खूण उरली आहे, असं त्यांच्या बोलण्यात होतं.

ही परंपरा त्यांच्या एकट्याच्या घरची नाही. तिथल्या इतिहासाच्या जुन्या पुस्तकांतही ती नोंदलेली आहे. पंडित गोविंद वल्लभ पंत याच परंपरेतले. जन्म १८८७, अल्मोड्याजवळच्या खूंट गावी. उत्तर प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री, आणि १९५५ पासून १९६१ मध्ये निधन होईपर्यंत देशाचे गृहमंत्री. ही वर्षं नीट पाहा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. आमचा मध्यभारत मध्य प्रदेशात विलीन झाला, राजधानी भोपाळला गेली आणि ग्वाल्हेर-इंदूरने आलटून पालटून सांभाळलेला राजधानीचा मान संपला. त्याच दिवशी बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आपण जे आज 'बाहेरचे मराठी' म्हणवतो, त्यांच्या नकाशावरच्या रेघा ज्या काळात ठरल्या, त्या काळात गृहखातं ज्यांच्याकडे होतं त्यांचं घराणं आपलं मूळ कोकणात सांगत होतं. यातून काही सिद्ध होत नाही, पण मला मोठी गंमत वाटली.

मास्तरांना मी आमची बाजू सांगितली. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम हलवून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली लष्कराचा तळ टाकला, आणि तळाचंच शहर झालं. म्हणून नाव लष्कर. त्या तळाबरोबर आलेल्या कारकुनांत आमचा पूर्वज होता. म्हटलं, शिंद्यांची फौज त्याच्याही आधी तुमच्या पहाडाच्या पायथ्यापर्यंत येऊन गेली आहे. १७५१ मध्ये जयाप्पा शिंदे आणि मल्हारराव होळकर सफदरजंगाच्या मदतीला रोहिल्यांवर चालून गेले, तेव्हा रोहिले पळून कुमाऊंच्या पायथ्याच्या तराईच्या जंगलात शिरले. मराठ्यांनी वेढा घातला, महिनोन् महिने तिथे काढले, शेवटी १७५२ मध्ये तह झाला. पण वर पहाडात काही कोणी चढलं नाही. मास्तर म्हणाले, "फौज नहीं चढ़ी, एक पंडित चढ़ गया." दोघंही खूप हसलो.

मग मी सहज विचारलं, "घरात मराठीचा एखादा तरी शब्द उरलाय का? एखादी म्हण, देवाचं गाणं, पदार्थाचं नाव?"

त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "पंत."

मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे पंत हे आडनाव नसून नावापुढे मानाने लावायची रीत आहे. गोविंदपंत, नारोपंत, तसं. ते त्यांना फार आवडलं, दोन-तीनदा घोळवून म्हणून पाहिलं. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला.

"आपके यहाँ कितनी पीढ़ियाँ हो गईं?"

"सात-आठ झाली असतील."

"हमारे यहाँ बीस से ऊपर बताते हैं," ते म्हणाले. "मूळ पुरुषाचं नाव माहीत आहे, गोत्र माहीत आहे, कुठून आलो ते माहीत आहे. पण भाषा कोणत्या पिढीत सुटली, हे कोणालाच माहीत नाही. कहीं लिखा ही नहीं. तुमच्याकडे अजून आहे. तुम्ही लिहून ठेवता का?"

मी काही उत्तर देऊ शकलो नाही. मी आयुष्यभर बँकेत काम केलेला माणूस. खातं उघडल्याची तारीख असते, बंद झाल्याची तारीख असते, मधली प्रत्येक नोंद असते. इथे एवढं मोठं खातं बंद झालं आणि शेवटची नोंदच नाही.

त्या दिवशी दुपारी आम्ही भवालीजवळच्या श्यामखेतचा चहाचा मळा पाहायला गेलो. उतारावर गुडघा-कमरेएवढी, सारखी छाटलेली झुडपं, मागे देवदार आणि बांजाची झाडं, पाठीला टोपल्या बांधून खुडणाऱ्या बायका. वरची दोन पानं आणि एक कळी एवढंच खुडायचं. हा मळा सरकारी आहे आणि अलीकडच्या काळातला. पण भीमतालचा चहा जुना, हे फार लोकांना माहीत नसतं. १८३५ च्या सुमारास चीनमधून आणलेल्या बियांची रोपं कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात तयार झाली आणि त्यातली काही कुमाऊंला पाठवली गेली. अल्मोड्याजवळ आणि भीमतालच्या आसपास रोपवाटिका झाल्या. रॉबर्ट फॉर्च्यून हा चीनमधून चहाची रोपं आणि चहा बनवणारे कारागीर हिंदुस्थानात घेऊन आला, आणि १८५१ मध्ये त्याने भीमतालचे मळे स्वतः येऊन पाहिले. सपाट, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत चहा लावू नका, त्याला उतार लागतो, भातासारखं पाणी देऊ नका, असं त्याचं सांगणं होतं. पुढे आसाम आणि दार्जिलिंगच्या चहापुढे कुमाऊंचा चहा मागे पडला. वाहतूक महाग, बाजार लांब. एके काळचे मळे ओस पडले. शंभराहून अधिक वर्षांनी राज्याने पुन्हा लागवड सुरू केली, तेव्हा इथे चहा होतो हे सांगायला जुनी कागदपत्रं होती. कोणत्या साली कुठे किती रोपं लावली, हे साहेबांनी लिहून ठेवलेलं होतं.

मळ्याच्या दुकानात बिनदुधाचा चहा दिला. सुगंध छान, रंग फिका. सौ. म्हणाली, "हे आजाऱ्याचं पाणी झालं. आलं घालून, दूध घालून, नीट उकळून द्या म्हणावं." विकणाऱ्या मुलीला भाषा कळली नाही, पण चेहरा कळला. तिने हसून सांगितलं की हा उकळायचा नाही. तरी सौ.ने दोन पाकिटं घेतली आणि घरी आल्यावर आलं घालून उकळलाच.

तिथून जवळच घोडाखालला गोलू देवतेचं देऊळ आहे. कुमाऊंत गोलू हा न्याय करणारा देव. देवळात जिकडे पाहावं तिकडे घंटा टांगलेल्या, लहान-मोठ्या, हजारोंनी. आणि घंटांच्या बरोबरीने अर्ज! लोक आपली फिर्याद कागदावर लिहून देवाला देतात. कित्येक अर्ज चक्क स्टॅम्प पेपरवर. जमिनीचा वाद, नोकरी, रखडलेलं लग्न, कोर्टातली तारीख. मी चाळीस वर्षं स्टॅम्प पेपर तपासले, पण देवाच्या नावाने काढलेला स्टॅम्प पेपर पहिल्यांदा पाहिला. काम झालं की घंटा बांधायची, अशी पद्धत.

सौ.ने माझ्याकडून पेन घेतलं, नातवाच्या वहीचं पान फाडलं आणि एका कोपऱ्यात बसून काहीतरी लिहिलं. मराठीत. नातू डोकावून म्हणाला, "आजी, भगवान को मराठी आती है क्या?"

ती म्हणाली, "तुला कळते ना? मग देवाला का नाही कळणार?"

काय लिहिलं ते तिने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

रात्री हॉटेलच्या गॅलरीत बसलो होतो. तळ्यात दिवे पडले होते आणि थंडी चांगलीच होती. मास्तरांचा प्रश्न जात नव्हता. शेवटी मी आमच्याच घराचा ताळेबंद मांडला. आजोबा मोडी लिहीत आणि वाचत. वडील मोडी वाचत, लिहीत बाळबोध. मी फक्त बाळबोध. चिरंजीव मराठी बोलतात, पण वाचताना अडखळतात. नातवाला समजतं, उत्तर हिंदीत देतो. प्रत्येक पिढीत एक-एक पायरी. कोणी ठरवून काही सोडलं नाही. कोणाला वाईटही वाटलं नाही. असंच झालं असणार पंतांच्या घरीही.

आणि यात माझा हात किती, हे मला लपवता येणार नाही. नोकरीत बदल्या होत. भिंड, जबलपूर, पुढे रायपूर. मुलगा शाळेत मागे पडू नये म्हणून मीच घरात त्याच्याशी हिंदी सुरू केलं. सौ. मराठी बोलायची, मी हिंदीतून अभ्यास घ्यायचो. ती म्हणायची, "अहो, शाळेत आहेच की हिंदी, घरी कशाला?" मी ऐकलं नाही.

दुसरी गोष्ट याहून जास्त बोचते. लष्करच्या आमच्या घरात एक रुमाल आहे. कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे ठेवतात तो. आतले कागद मोडीत. वडील निवृत्त झाल्यावर मला दर सुट्टीत म्हणायचे, "बस माझ्याजवळ, महिनाभरात मोडी शिकवतो." मी म्हणायचो, "क्लोजिंग होऊ द्या." तेव्हा बँकेत डिसेंबरचं क्लोजिंग असे, पुढे मार्चचं झालं. क्लोजिंग दर वर्षी झालं. वडील थांबले नाहीत. १९९२ मध्ये ते गेले, आणि रुमाल तेव्हापासून कपाटात तसाच. चिरंजीवांचं आता म्हणणं आहे की लष्करचं घर विकून आम्ही दोघांनी त्यांच्याकडे गुडगावला यावं. त्यांचं चुकत नाही. माझे गुडघे आणि त्या घराचा जिना यांचं आता जमत नाही. पण घर विकलं की त्या रुमालाचं काय, हा प्रश्न मला भीमतालला पहिल्यांदा पडला.

निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा देवळात गेलो. मास्तर उन्हात बसलेले होतेच. मी त्यांना सांगितलं, "आपने पूछा था, लिखते हैं क्या. नहीं लिखते थे. अब लिखेंगे." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मी नातवाला पुढे केलं. तो वाकून पाया पडला. मास्तरांनी त्याला विचारलं, "मराठी बोलते हो?" तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "थोडी थोडी." हे त्याने मराठीत सांगितलं की हिंदीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्हीकडे तसंच म्हणतात.

परत आल्यावर मोडी वाचणाऱ्या एका जाणकारांकडे रुमालातले पहिले दहा कागद नेले. मला वाटत होतं, एखादी सनद निघेल, लढाईची हकीकत निघेल. निघाला तो कोठीचा हिशेब. हरभरा, तूप, घोड्याची पेंड, कोणाला किती रोजमुरा दिला. एका कागदाच्या शेवटी मात्र वेगळ्या हाताने लिहिलंय की मुलाला लिहिणं शिकवायला बसवलं आहे, अक्षर अजून वाकडं येतं. कोणाचा मुलगा, कोणी लिहिलं, काही कळत नाही. मी तो कागद घरी आणून बराच वेळ पाहत बसलो.

आता रोज संध्याकाळी नातवाचा फोन येतो. त्याच्या आईनेच वेळ लावून दिली आहे. सूनबाई लखनौच्या, पण या बाबतीत आमच्यापेक्षा पक्क्या. मी त्याला लष्करच्या, वडिलांच्या, शाळेच्या, गणपतीच्या गोष्टी मराठीत सांगतो आणि तो रेकॉर्ड करतो. प्रश्न हिंदीत विचारतो. मी उत्तर मराठीत देतो. दहा मिनिटं होतात, कधी पाचच. मी त्याला टोकत नाही. सव्वीस कागद वाचून झाले, अजून पुष्कळ आहेत. घराचा निर्णय अजून व्हायचा आहे.

मंडळी, बेळगाव असो, वडोदरा, इंदूर, हैदराबाद किंवा गोवा, आपल्यापैकी कित्येकांच्या कपाटात असे रुमाल असतील. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असे शब्द असतील जे आता फक्त तेच वापरतात. कोणत्या पिढीत काय होतं, काय सुटलं, तारखेसकट लिहून ठेवा. सुटणार असेल तर सुटेलही, पण नोंद असू द्या.

आणि भीमतालला गेलात तर भीमेश्वराच्या देवळात सकाळी जा. उन्हात कोणी लोकरीच्या टोपीतले मास्तर बसलेले दिसले तर आवर्जून दोन शब्द मराठीत बोला. अर्थ कळणार नाही त्यांना, पण ऐकायला आवडतं.